उघडच आहे

माझ्या मावशीला कॉलेजातली मुलं पाठीमागे ‘सपाटबाई’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर तिचं चित्र काढून खाली ते नाव लिहून ठेवलं, तर तिनं डस्टर घेऊन चित्रातल्या चपलेची टाच तेवढी पुसली, "एवढी उंच मी कधी घातली नाही," म्हणाली आणि तास सुरू केला.

नाव पडलं ते एका प्रमेयावरून. तरुणपणी मावशीनं तिच्या सरांबरोबर एक प्रमेय सिद्ध केलं होतं, आणि त्यात शेवटी सगळं सपाट निघायचं. तिचा विषय डिफरन्शियल जॉमेट्री, म्हणजे वक्रतेचं गणित. माझे वडील गेल्यावर मावशी आपलं बिऱ्हाड गुंडाळून आमच्याकडे आली ती राहिलीच. वरची खोली तिची. त्यामुळे ते प्रमेय माझ्या कानांवरून इतक्यांदा गेलं होतं, की अर्थ न कळताही मला पाढ्यासारखं पाठ होतं.

अर्थ तिनं माझ्या आईला एकदा भांडी पुसता पुसता समजावला. "डोळ्यातून आरपार जाणारी एकेक सरळ रेष म्हणजे एकेक ठिपका धर. असे सगळे ठिपके मिळून जे अवकाश होतं ना, ते प्रोजेक्टिव्ह स्पेस. तिथे समांतर रेषासुद्धा कुठेतरी भेटतात. आता त्या मोठ्या अवकाशात एक लहान अवकाश बसलंय असं समज. त्याला स्वतःची वक्रता आहे. आमचं प्रमेय सांगतं, की ही वक्रता सगळीकडे एका ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर ते लहान अवकाश मोठ्याच्या आत मुरड घालून बसूच शकत नाही. सरळच बसतं. दुसरा मार्ग नाही त्याला."

आई ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अंगात पुरेसा वाकडेपणा असला की माणूस सरळ बसतो?"

मावशी इतकी हसली की तिला स्टुलावर टेकावं लागलं. "जवळपास," ती म्हणाली. "जवळपास तेच."

सगळी गोम त्या मर्यादेत होती. आधीच्या लोकांनी ती बरीच वर ठेवली होती. सरांनी आणि मावशीनं ती कितीतरी खाली ओढली. त्या एका लेखावर सरांचं नाव झालं, विभाग उभा राहिला, परगावचे लोक येऊन व्याख्यानं देऊन गेले. लेखावर मावशीचं नाव दुसरं होतं आणि त्याबद्दल तिच्या मनात कधी किंतु आला नाही. सर तिला वडिलांच्या जागी होते. कल्पना सरांची, कष्ट हिचे, आणि लेख अक्षरशः हिनं लिहिलेला, अशी ती वाटणी होती.

सरांना विसरायला होऊ लागलं तेव्हा मावशीची निवृत्ती जवळ आली होती. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. त्यांची मुलगी त्याच विभागात शिकवायची. बायको गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघायची. मोठी कर्तबगार बाई. तिनं ठरवलं, की बाबा अगदीच हातचे जायच्या आत त्यांचा सत्कार करायचा. त्यात प्रमेयाबद्दल साध्या माणसांना कळेल असं मावशीनं बोलायचं. "तुमच्याशिवाय कोण बोलणार?" मुलगी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मावशी तयारीला लागली. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि माझ्यापुढे एक उकडलेलं अंडं ठेवून म्हणाली, "तू आता श्रोता. कळलं नाही तर तसं सांग. भिडेखातर मान हलवू नकोस."

पेन्सिलनं तिनं अंड्याच्या पोटावर एक बारीक रेघ मारली. "इथे बघ. आडवं गेलं तर अंडं जास्त वाकतं, उभं गेलं तर कमी. म्हणजे या ठिकाणी सगळ्यात जास्त वाकणारी दिशा ही आडवी. आता जरा पुढे सरकू. इथेही आडवी. आम्ही लेखात हेच केलंय. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात जास्त वाकणारी दिशा धरायची, ती बोटाशी धरून ठिपक्या-ठिपक्यानं पुढे जायचं, आणि ती कशी बदलत जाते ते मोजायचं." बोलता बोलता ती रेघा मारत टोकाकडे चालली होती. टोकाशी आली आणि पेन्सिल थांबली.

"आणि टोकावर?" असं मी विचारणारही होते, पण तिचा चेहरा बघून थांबले.

टोकावर अंडं सगळीकडून सारखंच वाकतं. तिथे ‘सगळ्यात जास्त’ अशी दिशाच नसते. हे तिला नवीन होतं असं नाही; पहिल्या वर्षाच्या पोरांना ती हे शिकवायची. पण ती अंड्याकडे बघत राहिली, मग ते तसंच टाकून वर गेली. खाली आली ती दुपार कलल्यावर. हातात तो जुना लेख होता.

"असे ठिपके मी वगळलेत," ती म्हणाली. "एका वाक्यात. ‘हे ठिपके विचारातून वगळता येतात, हे उघडच आहे.’ बास. पुढे कुणी विचारलं नाही."

"मग? आहे ना उघड?" आई म्हणाली.

"अंड्यात आहे. दोनच टोकं असतात अंड्याला. पण आमच्या त्या अवकाशात असे ठिपके थोडेच असतील, हे मी दाखवलेलं नाही. कुठेच नाही." तिनं लेख टेबलावर ठेवला. "आणि एकानं विचारलं होतं."

तो एक म्हणजे सरांचा शेवटचा विद्यार्थी. उंच, वाकून चालणारा, बोलताना अडखळणारा मुलगा. मी लहान असताना एक-दोनदा आमच्याकडे येऊन गेल्याचं मला पुसट आठवत होतं. चर्चासत्रात तो प्रत्येक वाक्यावर हात वर करायचा, म्हणून सरांनीच त्याचं नाव शंकासुर ठेवलं, आणि सगळ्या विभागानं ते उचललं. त्यानं या ‘उघडच आहे’वर बोट ठेवलं होतं. असे ठिपके सगळीकडे पसरले तर काय, असं विचारलं होतं. सर म्हणाले होते, "शंकासुरा, ज्याला उघड गोष्ट दिसत नाही त्यानं डोळे तपासावेत." सगळे हसले. तो महिनोन्महिने तेच घेऊन येत राहिला. शेवटी सरांनी त्याला आपल्याकडून कमी केलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. सरांनी सोडलेला मुलगा कोण घेणार? तो गाव सोडून गेला.

"तू काय म्हणालीस तेव्हा?" मी विचारलं.

"मी हसले होते," मावशी म्हणाली.

पुढचे काही महिने ती त्या भोकाला ठिगळ लावायच्या मागे होती. कॉलेजातून आली की हातपाय धुऊन टेबलाशी बसायची. आम्हाला वाटायचं, सुटेल. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट एका वाक्यापायी कशी पडेल? तिलाही तसंच वाटत होतं. चिडचिड करायची, पण त्यात उमेद होती. मग एके दिवशी चिडचिड थांबली. जेवताना ती अगदी सौम्य आवाजात म्हणाली, "मीठ दे." मी दिलं. "ते दुरुस्त होणार नाही," ती म्हणाली. "मला एक उदाहरण सापडलंय. वक्रता सगळीकडे आमच्या मर्यादेच्या वर आहे आणि तरी ते वाकडं बसलंय. सगळं तसल्या ठिपक्यांचंच बनलेलंय. तो पोरगा म्हणत होता तसंच."

आईनं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे प्रमेय…"

"खोटं आहे."

मग आई म्हणाली, "हे बघ, रागावू नकोस. तू निवृत्त होतेयस. सरांना आज काय वार आहे तेही कळत नाही. कुणाचा जीव जातोय का त्या प्रमेयावाचून? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"माझ्याकडे एक मुलगी पीएचडी करतेय," मावशी म्हणाली. "कडेवर पोर घेऊन येते ग्रंथालयात. तिचा सगळा प्रबंध या प्रमेयावर उभा आहे. तिला काय सांगू? अजून एक मजला चढव म्हणू?"

आई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पण ताटं उचलताना पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण."

मावशी आधी त्या विद्यार्थिनीला भेटली. ती मुलगी रडली, आणि मग नवऱ्याला फोन लावायला बाहेर गेली, एवढंच मावशीनं सांगितलं. त्यानंतर तिनं शंकासुराचा शोध काढला. विभागातल्या जुन्या शिपायाला त्याच्या गावचं कुणीतरी माहीत होतं. तो एका आगारात बसखात्यात होता. मावशी एकटी जायला निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. वाटभर ती मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

आगार मोठं होतं. डिझेलचा वास, चिकट फरशी, बाकांवर पेंगणारी माणसं. तो चौकशीच्या खिडकीत बसला होता. केस पांढरे झाले होते, पण वाकणं तेच. रांग होती. मावशी रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, बाजूनं जाऊ, तर नको म्हणाली. आमची पाळी आली तेव्हा त्यानं वर न बघता विचारलं, "कुठं जायचंय?"

"तुमच्याकडेच आलेय," मावशी म्हणाली.

त्यानं वर बघितलं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. चेहऱ्यावर आनंद नाही, राग नाही; मास्तर अचानक वर्गात आल्यावर मुलं दचकतात तसा तो दचकला. "जेवणाची सुट्टी होईल आता," तो म्हणाला. "तिकडं बाकावर बसा. मागं माणसं खोळंबलीयत."

सुट्टीत तो डबा घेऊन आला आणि न उघडता बाजूला ठेवून बसला. मावशीनं आडपडदा ठेवला नाही. "तुम्ही बरोबर होता," ती म्हणाली. "ते प्रमेय खोटं आहे. तुम्ही बोट ठेवलं होतंत तिथेच ते फुटतं. वाक्य माझं होतं. तुम्हाला हसणाऱ्यांत मी होते. माफी मागायला आलेय."

एक बस मागे येत होती, कंडक्टर शिट्टी वाजवत होता. ती वळून जाईपर्यंत तो त्या बसकडेच बघत होता.

"खरंच?" तो म्हणाला.

"खरंच."

"मॅडम, मला वाटलं होतं माझं डोकं फिरलंय." तो हळू बोलत होता, आता अजिबात अडखळत नव्हता. "घरी गेल्यावर मी भिंतीवरसुद्धा तेच लिहायचो. आईनं डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, सगळी शिकलेली माणसं एक सांगतायत आणि तू एकटा दुसरं, तर चूक कोण? मला पटलं ते. गोळ्या घेतल्या. बरा झालो. बरा झालो म्हणजे, मी चुकलो होतो हे मान्य केलं. तेव्हा कुठं नोकरी लागली, लग्न झालं." तो थांबला. "आई गेली तेव्हाही तिला हीच काळजी, परत ते डोक्यात घेऊ नकोस."

मावशीनं पिशवीतून कागद काढले. "हे उदाहरण. तुम्ही एकदा बघावं असं मला वाटतं. तुमचंच आहे खरं तर."

त्यानं कागद घेतले, लांब धरले, जवळ धरले. बोट ठेवून एक ओळ वाचली, पुन्हा वाचली. मावशी वाकून समजावू लागली. हा ठिपका, इथली वक्रता, ही मर्यादा. तो मान हलवत होता. मग त्यानं मान हलवणं थांबवलं.

"अक्षरं ओळखीची वाटतायत," तो म्हणाला. "पण वाचता येत नाही. गेलं ते, मॅडम. गोळ्यांनी गेलं का मी होऊन सोडलं, काय की."

त्यानं कागद नीट जुळवून परत दिले. मावशीनं विचारलं, दुरुस्तीच्या लेखात तुमचं नाव घालू का. तो विचार करत राहिला. "घाला," म्हणाला. "पण घरी काही पाठवू नका. बायकोला मी तिथं होतो हेच ठाऊक नाही. तिला वाटतं मी पदवीनंतर शिक्षण सोडलं." मग डबा उचलून उभा राहिला, कारण खिडकीशी पुन्हा माणसं जमली होती. जाता जाता वळला. "परतीची गाडी त्या टोकाला लागते. इकडं पाटी चुकीची आहे, तिकडं लक्ष देऊ नका."

गाडीत बसल्यावर मावशीच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. तिनं ते पुसलंही नाही.

सत्कार तोंडावर आला होता. मावशी सरांच्या घरी गेली ती दुपारची, आणि मला बरोबर घेऊन गेली. बहुतेक एकटीनं सांगायचा धीर होत नसावा. सरांची मुलगी दारातच भेटली. मावशीनं तिला आधीच फोनवर सांगितलं होतं; तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

"मी ते उदाहरण तपासलं," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. मी खोटं म्हणणार नाही. पण बाबा आहेत तोवर थांबा. हात जोडते. किती दिवस राहिलेत त्यांचे? त्यांच्या डोक्यात आता एवढी एकच गोष्ट शिल्लक आहे. माझं नाव नाही त्यांना आठवत. आईचं नाही. प्रमेय आठवतं."

"लेख पाठवलाय मी," मावशी म्हणाली.

मुलीचे जोडलेले हात खाली आले. "मग आता आलात कशाला?"

"सरांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून."

"त्यांना कुणाकडूनच कळणार नाही!" ती ओरडली, आणि मग दारातून बाजूला झाली. "जा. सांगा. करा तुमचं समाधान."

सर खिडकीशी खुर्चीत होते. स्वच्छ सदरा, दाढी केलेली, पायांवर शाल. मावशीला बघून त्यांनी हसून मान हलवली. ओळखलं नव्हतं, शिष्टाचार राहिला होता. मावशी त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली आणि एखाद्या परीक्षेत सांगावं तसं सगळं सांगितलं. ते वाक्य, ते ठिपके, ते उदाहरण. सर बोटांनी शालीची झालर विंचरत होते. मला वाटलं, त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

"तर प्रमेय खोटं आहे, सर," मावशी म्हणाली. "आणि तो मुलगा बरोबर होता. ज्याला तुम्ही शंकासुर म्हणायचात."

सरांची बोटं थांबली. त्यांनी सरळ मावशीकडे बघितलं, आणि त्यांचा जुना, वर्गातला आवाज निघाला. "मला माहीत होतं."

मावशी जागच्या जागी ताठ झाली. "काय माहीत होतं, सर?"

"तो पोरगा बरोबर होता. माहीत होतं मला."

"केव्हापासून? सर? तेव्हा माहीत होतं? त्याला घालवलंत तेव्हा?"

पण ते पुन्हा झालरीकडे वळले होते. मावशीनं दोनदा, तीनदा विचारलं. शेवटच्या वेळी तिनं त्यांचा दंड धरला, तशी मुलगी पुढे आली आणि तिनं मावशीचा हात सोडवला.

"ते हल्ली सगळ्यालाच तसं म्हणतात," मुलगी म्हणाली. "जेवण झालं सांगितलं तरी ‘मला माहीत होतं’. आई गेली सांगितलं तेव्हाही हेच. विचारून बघा काहीही." ती वाकली आणि वडिलांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आज घोडा विमानातून आलाय."

सर हसले. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मावशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मी पाणी आणून दिलं. "तुला काय वाटतं?" तिनं मला विचारलं. "त्यांना माहीत होतं?" मी म्हटलं, मुलगी म्हणते तेच खरं असणार. ती म्हणाली, "हं." पण तो प्रश्न तिनं मला पुढे अनेकदा विचारला, आणि आईलाही; आणि आम्ही काहीही उत्तर दिलं तरी ‘हं’च म्हणायची.

सत्कार तिच्याविना झाला. दुरुस्तीचा लेख छापून आला, तोही संशोधन-पत्रिकेच्या अगदी शेवटी, अर्धं पान. त्यात शंकासुराचं खरं नाव पूर्ण लिहून, ही शंका प्रथम यांनी काढली आणि ती योग्य होती, असं म्हटलं होतं. मावशीला वाटलं होतं गदारोळ होईल. तसं काहीच झालं नाही. परगावच्या दोघा-तिघांनी त्या प्रमेयावर बांधलेले आपले लेख गुपचूप मागे घेतले. विभागात मात्र घर फिरलं की वासे फिरतात तसं झालं. तिच्या समोरून येणारी माणसं खिशातले फोन काढून बघू लागली. तिच्या विद्यार्थिनीला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे हलवण्यात आलं. निवृत्तीच्या दिवशी शिपायानं तिची पुस्तकं रिक्षात चढवून दिली, तोच काय तो निरोप. आई म्हणाली, "मी सांगितलं होतं." मग तिनंच ती पुस्तकं एकेक करून वर नेली.

सर वारले ते आम्हाला पेपरात वाचून कळलं. तोवर त्यांना पोचवून झालं होतं. कॉलेजात शोकसभा होती. मावशी गेली आणि मागच्या रांगेत बसली. विभागप्रमुख बोलले, प्राचार्य बोलले. प्राचार्यांचा विषय वेगळा, त्यांना कुणी सांगितलं नसावं. ते म्हणाले, सर गेले तरी त्यांचं प्रमेय अमर आहे. टाळ्या पडल्या, शोकसभा आहे हे विसरून.

मावशी उठली. मी तिचा पदर धरला होता तो तिनं सोडवला. चालत पुढे गेली. माईक तिच्यासाठी उंच होता. तिनं तो खाली केला नाही, मान वर करून बोलली. "सरांनी मला जे येतं ते सगळं शिकवलं. असा शिक्षक मी दुसरा बघितला नाही. ते प्रमेय चुकलेलं आहे. चूक माझ्या हातची होती. त्यापायी एका हुशार मुलाचं आयुष्य गेलं. हे आज सांगितलं नाही तर सरांबद्दल मी काहीच खरं सांगितलं नाही असं होईल."

कुणी खोकललं. प्राचार्य विभागप्रमुखांकडे बघू लागले. सरांची मुलगी पहिल्या रांगेतून उठली आणि बाहेर निघून गेली. आम्ही निघालो तेव्हा ती जिन्याच्या कठड्याशी उभी होती.

"आजसुद्धा सोडलं नाहीत त्यांना," ती म्हणाली.

मुलीनं तोंड भिंतीकडे केलं. आम्ही जिना उतरलो.

त्यानंतर मावशी फार वर्षं जगली नाही. दोष कशाला द्यायचा. हृदय आधीपासूनच नाजूक होतं. पण शेवटपर्यंत ती रोज टेबलाशी बसायची. जुनी मर्यादा खरी, सरांची आणि तिची खोटी. मग मधली खरी मर्यादा कुठे आहे, हे तिला हवं होतं. तिची ती विद्यार्थिनी मार्गदर्शक बदलूनही गुरुवारी दुपारी येत राहिली, पोर आता शाळेत जायचं. दोघी एकमेकींचं खोडत बसायच्या. एकदा ती मुलगी सांगत आली, की दूरच्या कुठल्याशा विद्यापीठात ते उदाहरण शंकासुराच्या आडनावानं शिकवायला लागलेत. मावशीनं ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी विचारलं, आगारात जाऊन त्यांना सांगू का. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नको. बरा आहे तो तिथे."

तिच्या शेवटच्या आजारपणात ती विद्यार्थिनी दवाखान्यात आली होती. मर्यादेत थोडी प्रगती झाली होती, एक बारीकशी पायरी, ती सांगायला. मावशीनं डोळे मिटूनच ऐकलं. मग विचारलं, "ते ठिपके वगळलेस का कुठे?"

"नाही बाई. एकेक तपासलाय."

"पुन्हा बघ," मावशी म्हणाली.

त्या मुलीनं पुन्हा बघितलं. तिसऱ्या पानावर एक चूक निघाली. ती कळवायला तिनं मावशीला फोन केला तेव्हा तो मला घ्यावा लागला.